दर्याची जमाबंदी

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सफोक परगण्यात, डनिच नावाचे एक खेडे आहे. त्याचा भूगोल एका दमात सांगून होतो : समोर उत्तर समुद्र, पाठीशी माळरान, आणि मध्ये ठिसूळ वाळूच्या कड्यामागे जीव मुठीत धरून बसलेली चिमुकली वस्ती. इतिहास मात्र विस्तीर्ण. फक्त तो पाहावयाचा तर पाणबुड्याचा पोशाख चढवावा लागतो.

विजेत्या विल्यमच्या कारकुनांनी 1086 साली या तत्कालीन भरभराटीच्या बंदराची जमाबंदी केली, तेव्हा राजाच्या नजराण्याखाली साठ हजारांवर हेरिंग मासे जमेस धरून झाल्यावर, पूर्वी येथे दोन नांगरांची जमीन होती, आता एकच आहे, दुसरी समुद्राने नेली, अशा आशयाचा शेरा त्यांनी निर्विकारपणे दफ्तरी दाखल केला. आमचे तलाठी इतके मितभाषी असते तर निम्म्या वकिलांची उपासमार झाली असती!

तो शेरा समुद्राने बहुधा सनद म्हणून वाचला. 1286 आणि 1328 सालच्या वादळांनी बंदराचे मुख बुजत गेले, आणि पुढे घरे, बाजार व देवळे क्रमाक्रमाने कड्याखाली रवाना झाली. सर्वसंगपरित्याग केलेल्या फ्रान्सिस्कन भिक्षूंनीसुद्धा पहिल्या तडाख्यानंतर आपला मठ आतल्या अंगाला हलविला, यावरून वैराग्याचीही एक हद्द असते आणि ती भरतीच्या रेषेच्या बरीच अलीकडे असते, असे अनुमान निघते. त्या मठाच्या भिंती अद्याप उभ्या आहेत.

नगर बुडाले, हक्क बुडाला नाही. गिरण्यांनी गजबजलेल्या मँचेस्टरला पार्लमेंटात स्वतःचा एकही सभासद नसताना, डनिचचे मूठभर मतदार दोन-दोन सभासद निवडून पाठवीत होते. बहुसंख्य प्रजा मत्स्ययोनीतील असल्यामुळे विरोधाचा सूर निघण्याचा संभव नव्हता. 1832 च्या सुधारणा कायद्याने ही वहिवाट मोडली.

‘ऑल सेंट्स’ हे जुन्या नगरातले शेवटचे देऊळ 1904 पासून ढासळू लागले व 1919 पर्यंत त्याचा मनोराही गेला. बुडालेल्या देवळांच्या घंटा वादळी रात्री पाण्याखालून ऐकू येतात, असे सांगतात. मी गेलो ते भर दुपारी. देवही त्या वेळी वामकुक्षी घेत असावेत.

वाचकांपैकी कोणी तिकडे गेलेच, तर कड्याच्या काठापासून चार हात दूर उभे राहावे. तेथील जमिनीच्या मालकीचा दावा अजून निकालात निघालेला नाही.