प्रार्थना करून सांगतो

आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती मंडळींत तोंडावर नकार देण्याची रीत नाही. पाळकसाहेबांनी खजिनदारकी पुढे केली की माणूस डोळे किंचित मिटून म्हणतो, "प्रार्थना करून सांगतो." पाळकसाहेबही मुरलेले असतात. ते पुढच्या बाकाकडे वळतात. या व्यवहाराचा प्रभूला पत्ताही नसतो.

यंदा मात्र त्यांनी मला संडेस्कूलसाठी गाठलं. मी ठरलेलं वाक्य टाकलं, तर म्हणाले, "जरूर करा. काय उत्तर आलं ते रविवारी सांगा."

उत्तर? प्रार्थनेत उत्तरासाठी थांबायचं असतं ही सवयच आमच्यात नाही. आमचे एक वडीलधारे उपासनेत प्रार्थनेला उभे राहिले की आधी प्रभूला आठवड्याच्या बातम्या देतात. सावेडीच्या भगिनीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डावा डोळा. मग सूचना येते: "हे प्रभू, तुला ठाऊकच आहे की गुरुवारची सभा साडेसातऐवजी सातला आहे." पाठोपाठ आमेन, आणि आमेन संपायच्या आत पेटीवर गीताचा सूर. त्यानं बोलायचं कधी?

तर मी पहाटे बसलो. आधी शेजारच्यांची टाकी भरून वाहत असल्याचं ऐकू आलं. मग मोबाइलचं बिल. आणि मग, खरंच, आतून एक मृदू आवाज आला: "तुझा घसा नाजूक आहे. मुलं फार दंगा करतात. तरुणांना संधी द्यावी." इतका समंजस आवाज! मी ही गोष्ट चहाच्या वेळी घरात सांगितली. बायकोनं विचारलं, "आवाज तुमच्यासारखाच होता का हो?"

वसईच्या माझ्या कॅथलिक मित्रानं यावर संत इग्नेशियस लोयोलाचा दाखला दिला. जेझुइट संघाच्या या संस्थापकाला आतला आवाज कुणाचा ते ओळखण्याचं शास्त्र आजारपणात सापडलं. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं त्याचा पाय मोडला. लोयोलाच्या घरी पडल्या पडल्या त्यानं वाचायला शूर सरदारांच्या कादंबऱ्या मागितल्या. त्या घरात नव्हत्या, म्हणून ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा हाती आल्या. मग कधी तो एका थोर घरच्या स्त्रीसाठी पराक्रम गाजवण्याची स्वप्नं बघे, कधी संतांसारखं अनवाणी जेरुसलेमला जाण्याची. बघताना दोन्ही गोडच. फरक नंतर पडे. पहिलं स्वप्न ओसरलं की मन कोरडं पडे, दुसऱ्यानंतर ते प्रसन्न राही. म्हणजे विचार आला तेव्हा कसं वाटलं यावर जायचं नाही, तो गेल्यावर मागे काय उरलं ते बघायचं.

मला हे फारच गैरसोयीचं वाटलं. नकाराचा विचार अर्धा तास छान वाटे आणि मग दिवसभर मी उगाच सगळ्यांवर खेकसत असे.

तेव्हा मी बायबलातल्या गिदोनाचा मार्ग धरला. देवदूत प्रत्यक्ष सांगून गेला तरी या गृहस्थाला खात्री वाटेना. त्यानं खळ्यात लोकर ठेवली: दव फक्त लोकरीवर पडावं, जमीन कोरडी राहावी. सकाळी लोकर पिळून वाटीभर पाणी निघालं. तरी दुसऱ्या रात्री उलटं मागितलं, आणि देवानं तेही केलं. एवढा सोशिक देव आहे म्हटल्यावर मीही खूण मागितली: शनिवारी पाऊस पडला तर वर्ग घेतो. महिना मार्चचा, जिल्हा नगर. बायको म्हणाली, "देवाला अट घालायची तर निदान हवामान बघून तरी घालू नये."

पाऊस पडला नाही. वर्ग घेतो.

घसा अजून शाबूत आहे. परवा एलीया संदेष्ट्याचा पाठ होता. होरेब डोंगरावर वारा आला, भूकंप झाला, अग्नी आला. देव त्यांत नव्हता. मग अगदी हलका आवाज आला. मुलांना वारा आणि भूकंप आवडला, हलक्या आवाजाशी त्यांची चुळबुळ सुरू झाली. देवानं एलीयाला इथे काय करतोस असं विचारलं आणि तेही दोनदा, आवाजाच्या आधी आणि नंतर. आणि या पठ्ठ्यानं दोन्ही वेळा तीच रडकथा, शब्दही न बदलता ऐकवली. मी विचारलं, "देवानं तोच प्रश्न पुन्हा का बरं विचारला असेल?"

मागच्या बाकावरची चौथीतली मुलगी म्हणाली, "सर, माझी आई पण असंच करते. पहिलं उत्तर पटलं नाही की परत विचारते."