चार लाख तेरा हजार सहाशे पाच

तुळजापूरकर भवानी सांगतात, नळदुर्गकर किल्ला सांगतात. मी मुरुमचा, मी पिनकोड सांगतो. 413605. फॉर्मवर तो सगळेच लिहितात, पण 'चार लाख तेरा हजार सहाशे पाच' असा मानानं वाचणारा उमरगा तालुक्यात मी एकटाच असेन. 2023 साली जिल्ह्याचं नाव बदललं, हा आकडा जागचा हलला नाही. 1972 मध्ये पिनकोड आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवी. कवीनं दिलेल्या आकड्यात काहीतरी असणारच, असं मी धरून चाललो.

शेवटी पाच, म्हणजे पाचानं भाग जाणार. गेला, आलं 82721. त्याला सात, अकरा, तेरा करत 283 पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या लावल्या. पठ्ठ्या एकीलाही दाद देईना. मूळ संख्या! ही बातमी मी नात्यातल्या सगळ्यांना कळवली. कुणी अंगठा पाठवला, कुणी गणपती.

मग कापरेकर मास्तर आठवले, आणि ते आठवले की मला आवरत नाही. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, देवळालीचे शाळामास्तर. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. उत्तराचं पुन्हा तेच. फार तर सात वजाबाक्यांत 6174 समोर हजर! हे त्यांनी 1949 मध्ये शोधलं. आपल्याकडच्या कित्येक विद्वानांना तो पोरखेळ वाटला. 1975 साली अमेरिकेत मार्टिन गार्डनरनं त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे नाव झालं. मास्तर सत्तरीला आले होते. याचा मला अजून राग येतो. 'याचा उपयोग काय?' असं विचारणारे स्वतः दिवसभर काय उपयोगाचं करतात, हे त्यांना कुणी विचारत नाही.

तर मास्तरांच्या कसोट्या. आमच्या अंकांची बेरीज 19. तिनं 413605 ला भाग जात नाही, म्हणजे 'हर्षद' नाही. 413582 मध्ये त्याचेच अंक मिळवले की आमचा पिन येतो, म्हणजे 'स्वयंभू'ही नाही. राहिली वजाबाकी. सहा अंकांना 549945 आणि 631764 असे दोन मुक्काम आहेत. आमचा पिन दोन्ही चुकवून सातव्या वजाबाकीला 420876 वर येतो, आणि तिथून सात संख्यांच्या चक्रात घाण्याच्या बैलासारखा फिरत राहतो. कायमचा.

बायको उमरग्याची. 413606. "आमचा एकानं जास्त आहे," हे तिनं न विचारता सांगितलं. मग तोही वजाबाकीला बसवला. पहिलं उत्तर आलं 650844, आमचं होतं 640854. मला जरा हुरूप आला. पण दुसऱ्याच वजाबाकीला दोघंही 820872 वर, आणि पुढे त्याच चक्रात पाठोपाठ.

"एवढं कळायला इतके कागद लागले होय?" ती म्हणाली. मग उरलेल्या कोऱ्या जागेत तिनं बहिणीचा पिन लिहून दिला. लातूर, 413512.

"हिचं बघा बरं, ही कुठं जाते."