मुक्काम पोस्ट डिलीट, जिल्हा हिंगोली

हिंगोली जिल्ह्यात सगळ्यांत बारकाईने वाचला जाणारा मजकूर कोणता, असा प्रश्न एखाद्या स्पर्धा परीक्षेत आलाच, तर पोरांनी ‘पालकमंत्र्यांचा दौरा’ किंवा ‘हळदीचे भाव’ या पर्यायांच्या नादी लागू नये. उत्तर आहे, ‘धिस मेसेज वॉज डिलीटेड’. हळदीचा भाव माणूस एकदाच वाचतो आणि फोन खिशात घालतो. ही राखाडी ओळ मात्र तो तीनदा वाचतो, बायकोला दाखवतो आणि शेजाऱ्याला फोन लावतो, “काय होतं हो त्यात?” शेजाऱ्याने वाचलेलं असतंच. नसलं तरी तो सांगतो.

१ मे १९९९ ला परभणीतून वेगळा निघालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. इथे गावागणिक निदान तीन ग्रुप असतात. एक ग्रामपंचायतीचा, दुसरा ग्रामपंचायतीच्या विरोधकांचा आणि तिसरा ‘फक्त शेतीविषयक’. तिसऱ्यावर पहिल्या दोन्हींतली माणसं एकत्र येऊन राजकारण करतात.

तर अशाच एका तालुक्यातल्या संपर्क कार्यालयातले दादा आपण नमुन्यादाखल घेऊ. (दादा खरे नाहीत. तरीही हे सदर आपल्यावरच लिहिलंय म्हणून निदान तिघांचे फोन येणार, हे मी गृहीत धरून आहे.) दादांचं व्हॉट्सॲप फोनवर आहे, कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर आहे आणि घरी पोराच्या टॅबवरही आहे. फोन सोडून आणखी चार यंत्रांना ते जोडता येतं, हे दादांना ठाऊक नव्हतं. पोराला होतं.

सभेच्या आदल्या रात्री दादांनी आपल्या खास माणसाला लिहिलं, “साहेब येईपर्यंत खुर्च्या भरल्या पाहिजेत. माणशी तीनशे, जेवण वेगळं.” बोट घसरलं आणि मजकूर जाऊन पडला ‘अखंड हरिनाम सप्ताह समिती’ या ग्रुपवर. दादांना घाम फुटला. घाम फुटलेला माणूस समोर येईल ते पहिलं बटण दाबतो. दादांनी ‘डिलीट फॉर मी’ दाबलं आणि कार्यालयातल्या बाबूला हाक मारली.

“बाबू, गेला का रे मेसेज?”

“गेला दादा. तुमच्याकडून गेला.”

“अन् कॉम्प्युटरवरून?”

“तिथूनबी गेला.”

“मंग झालं की!”

“दादा, फक्त तुमच्याकडूनच गेला. सप्ताहाच्या ग्रुपात हायच की.”

“मंग तिथून काढ ना लेका.”

“आता कसा काढू? काढायला तो आपल्याकडं पाह्यजे. आपल्याकडं कुठाय?”

‘डिलीट फॉर एव्हरीवन’साठी मेसेज आधी स्वतःपाशी असावा लागतो, आणि दादांनी तो स्वतःच्या फोनवरून, कॉम्प्युटरवरून आणि टॅबवरून एका दमात पुसून टाकला होता. आता तो मजकूर अख्ख्या तालुक्याकडे होता, नव्हता तो एकट्या दादांकडे. आपण नेमकं काय लिहिलं हे आठवेना, म्हणून त्यांना आपल्याच मेसेजचा स्क्रीनशॉट विरोधकाकडून मागवावा लागला. त्याने तो पाठवला आणि खाली हात जोडलेली खूणही टाकली.

असली फजिती होऊ नये म्हणून कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये ‘अनडू’ दिलं, पाच सेकंदांचं. दादांना चष्मा सापडायला त्याहून जास्त वेळ लागतो. ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ची मुदत मात्र कंपनीने सढळ हाताने वाढवत नेली. २०१७ मध्ये ती सात मिनिटं होती, पुढच्या वर्षी तासाच्या थोडी वर गेली आणि ऑगस्ट २०२२ पासून दोन दिवसांच्याही पुढे. माणूस शुद्धीवर यायला किती वेळ घेतो, याचा अंदाज यायला कंपनीला पाच वर्षं लागली.

उरला ग्रुपचा ॲडमिन. सप्ताहाचा ॲडमिन म्हणजे गावचे विणेकरी. त्यांनी मेसेज वाचला होता, पण न वाचल्यासारखं केलं. ॲडमिन मंडळींची ही वृत्ती कोर्टमान्य आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये सांगून ठेवलं की, सदस्याने काही वावगं टाकलं तर केवळ ॲडमिन आहे म्हणून ॲडमिनला दोषी धरता येणार नाही; माणसं घेणं आणि काढणं एवढाच त्याचा अधिकार. ॲडमिन सुखावले. पुढच्याच वर्षी कंपनीने त्यांना कुणाचाही मेसेज पुसायचं बटण दिलं आणि त्यांची झोप उडाली. अधिकार आला की मागोमाग जबाबदारी येते, या भीतीने आमच्याकडचे ॲडमिन ते बटण दिसत असूनही पाहत नाहीत. ही विद्या ते कुठे शिकले, हे ज्याला तहसीलच्या आवारात अर्धा दिवस काढावा लागलाय त्याला विचारा.

शिवाय ॲडमिनने पुसलं असतं तरी काय साधलं असतं? तोवर एका भाविकाने दादांचा मेसेज धरून उत्तर दिलं होतं, “जेवणात काय आहे?” मूळ मेसेज पुसला तरी उत्तराच्या डोक्यावरच्या चौकोनात तो जसाच्या तसा राहतो. ज्यांनी ग्रुप उघडलाच नव्हता, त्यांच्यातल्या काहींच्या फोनवर नोटिफिकेशन हिस्टरी चालू होती. अँड्रॉइड ११ पासून ही सोय आहे, आणि आलेली सूचना तिथे दिवसभर वाचता येते. वर अँड्रॉइड फोनवरचं व्हॉट्सॲप रात्री दोनच्या सुमारास आपली एक प्रत फोनमध्येच बाजूला काढून ठेवतं, आणि अशा मागच्या सात दिवसांच्या प्रती शिल्लक असतात. दादा झोपतात, फोन जागाच असतो.

कोरडवाहू शेतकऱ्याला यातलं काहीच नवीन नाही. सातबारावरून नाव कमी होतं तेव्हा ते पुसलं जात नाही, त्याला कंस होतो आणि शेजारी फेरफाराचा नंबर पडतो. नव्या नमुन्यात कंसाऐवजी आडवी रेघ आली, पण रेघेखालचं नाव वाचता येतंच. कोणाचं होतं, कधी गेलं, कशाने गेलं, सगळं उभं. ‘हा मेसेज डिलीट झाला’ ही ओळ म्हणजे अमेरिकेतल्या कंपनीने मारलेला कंस आहे. फरक इतकाच, की तिला फेरफार नंबर नसतो, म्हणून गावकरी तो आपापल्या कल्पनेने देतात.

व्हॉट्सॲपवर पोळल्यावर दादांनी फर्मान काढलं, “कॉम्प्युटरवरचं सगळं साफ कर.” कॉम्प्युटरवर दादांचे साधे एसएमएससुद्धा दिसायचे, गूगलच्या मेसेजेसमधून. बाबूने मन लावून साफसफाई केली. त्याला वाटलं, आपण फक्त कॉम्प्युटर झाडतोय. पण या व्यवस्थेत कॉम्प्युटरवर वेगळं काही नसतंच, फोनमधलंच तिथे दिसतं. तिथे पुसलं की फोनमधूनही गेलं. बँकेचे, पीकविम्याचे, हळद विकल्याच्या पट्टीचे असे सगळे एसएमएस दादांच्या खिशातल्या खिशात नाहीसे झाले. थोडक्यात, जे जायला हवं होतं ते तालुकाभर राहिलं आणि जे राहायला हवं होतं ते एका क्लिकमध्ये गेलं. (दादांच्या पुतण्याकडे आयफोन आहे. तिथे आयक्लाउडमध्ये मेसेजेस चालू असतील तर एकीकडे पुसलेलं सगळीकडून जातं, बंद असतील तर आयपॅडवर तसंच राहतं. वरून ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये महिनाभर मुक्काम. पुतण्याला हे कळलं ते काकूंनी आयपॅड उघडल्यावर.)

दादांचं सोडा, त्यांचं काही बिघडत नाही. बिघडतं ते तुमचं-आमचं, आणि तेही चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात. आधार, सातबारा, पासबुक, जातीचा दाखला यांची प्रिंट काढायची तर काउंटरवर एकच मंत्र असतो, “व्हॉट्सॲप करा, नंबर भिंतीवर आहे.” आपण करतो. पंधरा रुपये देतो, कागद घेतो आणि शहाणा माणूस म्हणून दुकानाबाहेर येऊन आपल्या फोनवरून तो मेसेज ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करतो. मग निर्धास्त. पण दुकानदाराने प्रिंटसाठी फाइल आधीच उतरवून घेतलेली असते आणि ती त्याच्या कॉम्प्युटरच्या ‘डाउनलोड्स’मध्ये सुखाने बसलेली असते. तिथे तुमच्या बटणाचा हात पोचत नाही. त्या एका फोल्डरमध्ये अर्धं गाव राहतं, आधार क्रमांकासकट. काही जण याहून उदार. ते दुकानाच्या कॉम्प्युटरवर स्वतःचंच व्हॉट्सॲप उघडतात, प्रिंट घेतात आणि तसंच चालू ठेवून एसटी पकडतात. दुकानदार सज्जन असतो, म्हणून निभावतं. जिल्ह्याची सायबर सुरक्षा सध्या दुकानदारांच्या सज्जनपणावर उभी आहे.

कोर्टाचं म्हणाल तर यंत्राच्या आठवणीवर देशभर लागू असलेला निकाल आपल्या मराठवाड्यातलाच आहे. २०१४ च्या विधानसभेला जालन्यात अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. हरलेले कैलास गोरंट्याल म्हणाले, यांचा अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर घेतला गेला, निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले कॅमेरे बघा. कॅमेऱ्यांनी पाहिलं होतं. पण ते पाहिल्याचा कायदेशीर दाखला मागूनमागून अधिकाऱ्यांनी दिला नाही. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवड रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल आला १४ जुलै २०२० रोजी. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला दाखला हवाच, मूळ यंत्रच कोर्टात आणलं तर नको, असं त्याने सांगितलं आणि खोतकरांचं अपील फेटाळलं. तोवर २०१४ ची ती विधानसभा संपून २०१९ ची निवडणूकही झाली होती. यंत्र विसरत नाही, पण त्याची आठवण आमदारकीपेक्षा सावकाश चालते. आणि निळ्या खुणांना कुणी किरकोळ समजू नये. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस बजावली गेली असं मानलं, कारण ती उघडल्याच्या दोन निळ्या खुणा उमटल्या होत्या.

हे कमी होतं म्हणून की काय, औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या शिवारात लायगो येतंय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आणि काम काय, तर अवकाशातून येणारी अतिसूक्ष्म थरथर पकडणं. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन कृष्णविवरांच्या धडकेची थरथर टिपली. ती धडक झाली होती सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी. ज्यातून प्रकाशही सुटत नाही त्या कृष्णविवरांनासुद्धा आपला मामला ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करता आला नाही, आणि आमचे दादा सप्ताहाच्या ग्रुपवर तो करू पाहत होते. लायगो सुरू झाल्यावर शास्त्रज्ञांनी आमच्या ग्रुपांपासून सावध राहावं. आदल्या रात्री विश्वात काय झालं, हे इथे सकाळी सातला ‘गुड मॉर्निंग’सोबत आलेलं असेल, आणि आठला पुसलेलंही असेल.

एक मेसेज मात्र आमच्याकडे कुणी कितीही वेळा पुसला तरी जात नाही. थकबाकीचा. शेतकरी तो फोनवरून काढतो. साध्या एसएमएसमध्ये पुसली जाते ती फक्त आपली प्रत, बँकेची बँकेत राहते, व्याजासह वाढत. सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या शेतकऱ्यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये, कर्ज फिटावं म्हणून आमचे अवयव विकत घ्या असं मुख्यमंत्र्यांना लिहिलं होतं, किडनी-डोळ्यांच्या दरासकट. तो मजकूर काही कुणाचं बोट घसरून गेलेला नव्हता, आणि तो मागे घ्यायला कुठलं बटणही नव्हतं. निवडणुकीतल्या कर्जमुक्तीच्या घोषणांना मात्र मुदतीची अट नाही. त्या कधीही मागे घेता येतात आणि मागे राखाडी ओळही राहत नाही.

असो. दादांची काळजी घ्यायला दादा समर्थ आहेत. तुम्ही एवढं करा. आज फोन उघडून व्हॉट्सॲपमधलं ‘लिंक्ड डिव्हायसेस’ बघा. तिथे ओळखीचं नसलेलं एखादं यंत्र दिसलं, तर ते लगेच ‘लॉग आउट’ करा. फोन चौदा दिवस वापरला नाही तर ते आपोआप सुटतं, पण चौदा दिवस फोन बंद ठेवणारा माणूस या जिल्ह्यात जन्माला यायचाय. आणि पुढच्या वेळी प्रिंट काढायला गेलात की पैसे देण्याआधी काउंटरपाशी उभं राहून सांगा, “भाऊ, ती फाइल माझ्यासमोर काढा. अन् रीसायकल बिनमधूनबी.”