चिंचवड ते स्टुटगार्ट : एका प्रवासाची सांगोपांग मीमांसा

स्टुटगार्ट, जर्मनी

तीर्थरूप बाबा व सौ. आई यांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

येत्या जून महिन्यात उभयतांचे इकडे येणे निश्चित झाल्यामुळे चिरंजीव व सूनबाई यांनी प्रस्तुत प्रवासाची मीमांसा सिद्ध केली असून ती सवडीने वाचावी.

मर्सिडीज व फोक्सवॅगन या जर्मन कंपन्यांचे कारखाने २००९ पासून चाकणला असल्याने तिथला अभियंता इकडे आणि इकडचा तिकडे, ही ये-जा नित्याचीच झाली आहे. परंतु तिला थेट विमानाची जोड टिकली नाही. पुण्याच्या लोहगाव विमानतळाहून फ्रँकफुर्टला २००८ साली सुरू झालेली थेट सेवा पुढे बंद पडली, आणि खेड-चाकण परिसरात नियोजित असलेला विमानतळ जागेच्या वादात अडकून कागदोपत्री पुरंदरला गेला, हेच त्याचे आजवरचे एकमेव उड्डाण होय. परिणामी मुंबई गाठणे क्रमप्राप्त ठरते. मुंबई ते फ्रँकफुर्ट हे सुमारे साडेसहा हजार किलोमीटरांचे अंतर विमान नऊएक तासांत कापते. उलट चिंचवड ते मुंबई विमानतळ हे दीडशे किलोमीटरांच्या आतले अंतर किती तासांत कापले जाईल, हे खंडाळ्याच्या घाटात बंद पडलेला ट्रक ठरवतो. यास्तव मध्यरात्रीनंतरच्या विमानासाठी दुपारचा चहा होताच निघावे.

आकाशात विमानाच्या आतील हवेचा दाब सुमारे १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरील हवेइतका राखला जातो. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर असल्याने, गुडघ्यांची तक्रार असूनही उभयतांना तिच्याहून उंच ठिकाणची हवा खुर्चीत बसून लाभेल. विरळ व कोरड्या हवेत जिभेची चव मंदावते, म्हणून तिथल्या भाजीस आईने लगेच नावे ठेवू नयेत.

जेट लॅग, म्हणजे शरीराचे घड्याळ जुन्याच गावच्या वेळेवर चालत राहणे, हा विकार बाबांना संभवतो. उन्हाळ्यात जर्मनी भारताच्या साडेतीन तास मागे असल्याने त्यांची साडेपाचची पहाट इथे रात्री दोनला उजाडेल. आणि रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळण्याचा इथे दंडक असल्याने त्या वेळी मिक्सरवर चटणी वाटता येणार नाही.

सर्वांत नाजूक प्रकरण सामानाचे. सुके खोबरे त्यातील तेलामुळे ज्वलनशील मानले जात असल्याने २०२२ मध्ये भारतात विमानाच्या सामानातील निषिद्ध वस्तूंत गणले गेले. दूध व मांस यांचे पदार्थ प्रवाशांनी बाहेरून आणण्यास युरोपीय संघात मनाई असल्याने पेढे, खवा व घरचे तूप हे तिन्ही वर्ज्य होत. बाटलीतले लोणचे हातातल्या पिशवीत ठेवल्यास सुरक्षा तपासणीत अडते, कारण तिथे द्रवपदार्थांची मर्यादा १०० मिलिलिटर आहे.

तरी मोरया गोसावींच्या देवळातले पेढे चिंचवडलाच वाटून टाकावेत, खोबरे शेजारी द्यावे, आणि मोकळ्या झालेल्या जागेत बाकरवडी व थालीपीठाची भाजणी मात्र बॅगेत मावेल तितकी भरावी, ही नम्र विनंती.

आपले आज्ञाधारक,
चिरंजीव व सूनबाई