कारखान्याला जागा कशी निवडावी : सीमाभागासाठी नियमावली

बेळगाव-निपाणी पट्ट्यात छोटा कारखाना काढू इच्छिणाऱ्यांच्या, विशेषतः आमच्या दाजींच्या, माहितीसाठी.

नियम १. आधी वीज बघावी. कागलच्या पंचतारांकित वसाहतीत महावितरणचं बिल, दूधगंगा ओलांडून कोगनोळीत आलात की हेस्कॉमचं. दरवाढ झाली की कोल्हापूरचे उद्योजक कर्नाटकात जाण्याचा इशारा देतात. नुसता युनिटचा दर पाहून मात्र उडी मारू नये. भट्टी थंड असली तरी डिमांड चार्ज लागतोच.

नियम २. कर. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, नाक्यावरची लांबलचक रांग गेली. नियम रद्द.

नियम ३. शेजार. इथे मी गंभीर आहे. बेळगावच्या उद्यमबागेत पॅटर्नवाला, ओतकामवाला आणि मशीनिंगवाला हाकेच्या अंतरावर असतात. पॅटर्नला ड्राफ्ट, म्हणजे बाजूचा उतार, कमी पडला, तो वाळूतून उचलताना साच्याची कड ढासळायला लागली, की स्कूटरवर पायाशी ठेवून न्यावा, चहा होईतो तासून आणावा. स्वस्तात मिळाली म्हणून लांब माळावर जागा घेतलीत, तर एवढ्याच कामाला टेम्पो लागतो, दिवस जातो, आणि गिऱ्हाईक फोनवर ओरडतं ते वेगळंच.

नियम ४. पाटी. कर्नाटकात तिच्यावर ६० टक्के कन्नड हवं. सीमावादाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागेपर्यंत पाटी थांबवू नये.

नियम ५. वरचे सगळे नियम दाजींनी वहीत रकाने पाडून लिहिले. कागल झालं, कणगला झालं, निपाणीजवळचा एक माळही पायाखालून घातला. शेवटी गाळा घेतला तो उद्यमबागेतच. मला वाटलं, नियम ३ पटला. विचारलं तर म्हणाले, "टिळकवाडी जवळ पडतंय की. दुपारी जेवायला घरला यायला नको?"

गाळा पावसात गळतो. समोर लॉरी वळत नाही. ड्रायव्हर रोज नवी शिवी शिकवून जातो. पण काम बरं चाललंय, पगार वेळेवर होतात, आणि माणूस दीडच्या ठोक्याला पाटावर हजर. ताईचं म्हणणं एवढंच : "जागा बघताना मला कुणी विचारलं नाही, भाकरी मात्र तव्यावरची पायजे."

तेव्हा वाचकहो, जागा बघायला जाताना घरच्या बाईला बरोबर न्या. छपराकडे पहिल्यांदा तीच बघेल, आणि भाडंही कमी करून घेईल.