स्लॅबचा थाट

सेनगावकडं माळवद पाडणं म्हणजे घराला बरे दिवस आल्याची जाहीर दवंडी. हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, तुळयांवर थापलेला पांढऱ्या मातीचा थर, छताला झरोका, मधोमध चौक, सगळं ट्रॉलीत भरून ओढ्याला. त्या जागी पाच इंचांचा स्लॅब आणि शहरातल्यासारखा बंद हॉल.

वैशाखात पारा ४२ अंशांवर गेला की थाट कळतो. जुनी भिंत दुपारचं ऊन रात्रीपर्यंत स्वतःच्या अंगात जिरवायची; तापलेली हवा वर चढून झरोक्यातून निघून जायची. याचं वीजबिल येत नसे, म्हणूनच बहुधा त्याला किंमत नव्हती. स्लॅब मात्र हिशेबाला पक्का. दिवसभर घेतलेलं ऊन रात्री व्याजासकट परत करतो. मग वर पाणी मारा, हिरवी जाळी ताणा, खाली कुलर लावा. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडकी बंद. तासाभरात हॉलमध्ये पापड सादळतात, माणसंही. लाईट गेली की सगळं घर उशा घेऊन गच्चीवर, म्हणजे आजोबा झोपायचे तिथंच. फक्त तेव्हा खालून चटके बसत नसत.

माळवदाचे गोडवे गाताना किल्लारीचा भूकंप विसरता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगड-मातीच्या जड घरांनीच माणसं गाडली. माळवदाची भीती खरी होती. पण भूकंपानं भिंती नीट बांधायला सांगितलं होतं. झरोका बुजवायला नव्हे.