साहेबाची छत्री

युरोपातले हौशी लोक उंट अन् खजुराची झाडं बघायला अल्जियर्सला निघत, त्याच जमान्यात कोल्हापूरचे दुसरे राजाराम महाराज उलट्या वाटेनं युरोप बघायला गेले. झालं भलतंच, युरोपच त्यांना बघत बसला! ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये ते वारले. आर्नो नदीकाठी चिता पेटली, तिथंही बघ्यांची गर्दी.

१८७४ मध्ये तिथं छत्री उभी राहिली. आत फेट्यातला, रंग दिलेला संगमरवरी अर्धपुतळा. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँटचा. पुढं याच साहेबानं कोल्हापुरात नवा राजवाडा बेतला: गुजरात, राजस्थान, जैन देवळं, वर घड्याळाचा मनोरा, सगळी मिसळ. पाहुणे आले की आम्ही त्यांना तिथंच नेतो आणि 'अस्सल मराठमोळं' म्हणून फोटो ग्रुपवर टाकतो.